स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल का टिकाग्रेलोर, आणि जीन टेस्ट करायची का

अप्पांना स्टेंट टाकून जळगावहून रावेरला घरी आणलं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, रक्त पातळ करायची गोळी कोणती दिलीय, आणि मग आमच्या अमक्याला क्लोपिडोग्रेलवर पाच वर्षं झाली काही त्रास नाही, तुम्ही पण तीच घ्या. पण भो, या गोळीत शेजाऱ्याचा अनुभव कामाचा नाही.

क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती कच्ची असते, लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला कामाची बनवतं. त्या जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडची एक वडलांकडची, त्यातली एक बिघडलेली असली तर गोळीचा असर कमी, दोन्ही बिघडलेल्या असल्या तर अजूनच कमी, म्हणजे माणूस रोज नेमाने गोळी घेतोय तरी स्टेंटमध्ये गुठळी व्हायचा धोका जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये यासाठी औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत इशारा टाकायला लावला. आणि बिघडलेली कॉपी युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्याकडे जास्त सापडते, म्हणून मला वाटतं हे आपल्याला माहीत असायलाच पाहिजे.

टिकाग्रेलोर ही त्याच कामाची दुसरी गोळी, तिला या एन्झाइमची गरजच नाही, सरळ कामाला लागते. पण ती ९० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, क्लोपिडोग्रेल ७५ ची एकदाच, बागेला रात्रीचं पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा दुसरा डोस हमखास राहतो. टिकाग्रेलोर महागही पडते, जेनेरिक आल्यापासून जरा बरं आहे. रक्तस्रावाचा धोका तिच्यात जास्त, आणि काहींना धाप लागते, अप्पांना लागली तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो. आधी कधी मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ती देत नाहीत.

क्लोपिडोग्रेलवाल्यांनी एक सांभाळा, शेवभाजी खाल्ली की ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घ्यायची सवय असते, ती याच एन्झाइमला अडवते, डॉक्टरांना विचारून दुसरी घ्या.

माझं मत असं की ताजा हार्ट अटॅक आहे, रक्तस्रावाचा इतिहास नाही आणि दोन वेळा गोळी घेणं जमतंय तर टिकाग्रेलोर, तिच्यासाठी टेस्ट लागत नाही. वय जास्त, रक्तस्रावाची भीती किंवा पैशाची ओढाताण असेल तर क्लोपिडोग्रेल, आणि तिथं टेस्टचा खर्च खरा कामी येतो, एकदाच करायची, जीन काही बदलत नाही. शेवटचा शब्द डॉक्टरांचा, आणि दोन्हीतली कुठलीच गोळी स्वतःहून बंद करू नका, एक दिवसही नाही.

अप्पांची धाप बघून गोळी बदलायच्या आधी डॉक्टरांनी टेस्ट करायला लावली, एक कॉपी बिघडलेली निघाली, म्हणून टिकाग्रेलोरच ठेवली आणि धाप काही आठवड्यांत कमी झाली. चोपड्याच्या आत्याला पण स्टेंट आहे आणि ती क्लोपिडोग्रेलवर आहे, आईवडील तेच असले तरी तिला आलेल्या कॉपी वेगळ्या असू शकतात, अप्पांचा रिपोर्ट तिचा धरता येत नाही, म्हणून झेरॉक्स नुसती माहितीला तिच्या फाइलला लावून दिली, पुढच्या तपासणीला ती दाखवून स्वतःची टेस्ट करायची का ते विचारणार आहे.