रश यांची पुडी की स्टीव्हन्स यांची शुश्रूषा? १७९३ च्या पीतज्वरातले दोन उपचार

सप्टेंबर १७९३. फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी होती आणि वस्ती पन्नास हजारांच्या घरात. ऑगस्टमध्ये तिथल्या धक्क्याजवळच्या गल्ल्यांत पीतज्वर (यलो फीवर) शिरला. आधी कडक ताप आणि कंबरदुखी, मग एखादा दिवस बरं वाटायचं, आणि त्यानंतर डोळे पिवळे, हिरड्यांतून रक्त, काळी उलटी. ज्यांना जमलं त्यांनी शहर सोडलं. नोव्हेंबरपर्यंत सुमारे पाच हजार माणसं दगावली.

शहरातल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेचे अध्यक्ष होते डॉ. जॉन रेडमन. सत्तरी ओलांडलेले, १७६२ ची पीतज्वराची साथ स्वतः पाहिलेले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले बेंजामिन रश रुग्णांना पाऱ्याच्या पुड्या देत होते आणि शिरा उघडून रक्त काढत होते. दुसरीकडे कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटावर वाढलेले डॉ. एडवर्ड स्टीव्हन्स म्हणत होते की या आजारात रुग्ण मुळातच खचलेला असतो, त्याला आणखी रिकामं करू नका. रेडमन यांनी स्टीव्हन्सना त्यांची पद्धत लिहून कळवायला सांगितलं आणि स्टीव्हन्सनी ती सविस्तर कळवली.

रेडमन यांच्या जागी आपण आहोत आणि समोर तापानं फणफणलेला रुग्ण आहे असं धरू. माझा कौल आधीच सांगते: मी स्टीव्हन्स यांना बोलावलं असतं. त्यांच्या औषधानं पीतज्वर बरा व्हायचा म्हणून मात्र नव्हे. तो दोघांच्याही औषधानं बरा होत नव्हता.

रश यांची पद्धत

रश सुरुवातीला असे कठोर नव्हते. सिंकोनाची साल, वाइन, व्हिनेगरमध्ये भिजवलेली ब्लँकेटं असं सगळं त्यांनी करून पाहिलं. रुग्ण जातच राहिले, तेव्हा त्यांनी चक्क स्टीव्हन्स यांचाच सल्ला घेतला आणि रुग्णांवर गार पाण्याच्या बादल्या ओतल्या. अशा चारांपैकी तिघे गेले. मग बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडून मिळालेलं एक जुनं हस्तलिखित त्यांनी पुन्हा काढलं. व्हर्जिनियाचे डॉ. जॉन मिचेल यांनी त्यात लिहिलं होतं की नाडी क्षीण असली तरी बिचकू नका, पोट साफ करा. रश यांना हा साक्षात्कारच वाटला.

पुडीत दहा ग्रेन कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि दहा ग्रेन जॅलप नावाच्या जहाल रेचक मुळीची भुकटी. पुढे जॅलप पंधरा ग्रेनवर गेलं. दर सहा तासांनी एक पुडी, चार-पाच मोठे जुलाब होईपर्यंत. थर्ड स्ट्रीटवरच्या एका कारागिरानं तीन दिवसांत एकूण ऐंशी ग्रेन कॅलोमेल घेतलं. हे पाच ग्रॅमच्या वर जातं. पाऱ्यानं हिरड्या सुजतात, तोंडातून लाळ गळते, दात हलतात, आणि लाळ सुटली म्हणजे औषध लागू पडलं असंच तेव्हा मानत. त्यावर रक्त काढणं. काही रुग्णांचं पाच दिवसांत सत्तर-ऐंशी औंस, म्हणजे दोन लिटरच्या वर. धडधाकट माणसाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाच लिटर. रश यांचा अंदाज त्याहून बराच जास्त होता आणि तो चुकीचा होता.

स्टीव्हन्स यांची पद्धत

स्टीव्हन्स यांचा गाजलेला रुग्ण म्हणजे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन, त्यांचा बालपणीचा मित्र. गार पाण्याची स्नानं, मदेरा बेटावरची जुनी वाइन, पोटात टिकेल तेवढी सिंकोनाची साल, कॅमोमाइलच्या फुलांचा काढा, रात्री झोपेसाठी अफूचा अर्क. आणि कोणी ना कोणी सतत उशाशी. हॅमिल्टन उठले आणि ११ सप्टेंबरला त्यांनी कॉलेजला जाहीर पत्र लिहून मित्राच्या पद्धतीची भलामण केली. तिथून वाद पेटला आणि त्याला पक्षीय राजकारणाचा रंग चढला. हॅमिल्टन यांचे विरोधक रशकडे वळू लागले, समर्थक सालीकडे. उशाशी बसून घ्यायचे निर्णय असे वर्तमानपत्रांतून होऊ लागले की रुग्णाचं भलं होत नाही.

पुरावा कुणाकडे?

तुलनेतला खरा पेच इथे आहे. नव्या पुडीच्या पहिल्या पाच रुग्णांपैकी चार वाचले, असं रश यांनी नोंदवलं. गार पाण्याचे चारांपैकी तीन गेले होते. नुसते आकडे पाहिले तर कुणीही पुडीच उचलेल. पण चार आणि पाच रुग्णांवरून काहीच ठरत नाही. त्यात रश यांचं ठाम मत असं की साथ आली की बाकीचे सगळे ताप पीतज्वरात विलीन होतात. म्हणजे साधा फ्लू किंवा हिवताप झालेला माणूसही त्यांच्या हिशोबात पीतज्वराचा रुग्ण, आणि तो उठून बसला की यश पुडीचं! जे गेले, त्यांच्याबद्दल मात्र रक्त उशिरा काढलं किंवा कमी काढलं, असं स्पष्टीकरण तयार. कुठल्याही निकालानं जी पद्धत चुकीची ठरूच शकत नाही, तिच्यापासून मी तरी लांब राहीन.

हॅमिल्टन यांचा दाखलाही भक्कम नाही. तो एकच रुग्ण, आणि त्यांना पीतज्वरच झाला होता याचीही खात्री नाही. सिंकोनातलं क्विनीन हिवतापावर चालतं, पीतज्वराच्या विषाणूवर नाही.

मग माझा कौल स्टीव्हन्सना का? हा विषाणू यकृतावर हल्ला करतो. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात, ते कमी पडले की आतून रक्तस्राव सुरू होतो. उलट्यांनी शरीरातलं पाणी जातं, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. अशा माणसाला जुलाब देणं आणि त्याची शीर उघडणं म्हणजे आजार जे करतोय त्यातच हातभार लावणं. स्टीव्हन्सना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण रुग्णाची उरलीसुरली ताकद राखायची हा त्यांचा रोख बरोबर होता. ज्याला आजार स्वतःहून परतवता आला असता, त्याच्या वाटेत ते आडवे आले नाहीत.

रश यांच्या पारड्यात काय पडतं?

बरंच काही, आणि ते प्रामाणिकपणे मोजायला हवं. अनेक डॉक्टर शहर सोडून गेले, रश राहिले. रोज शंभरावर रुग्ण त्यांच्या दारी यायचे. त्यांची बहीण आणि तीन शिकाऊ विद्यार्थी साथीत गेले. स्वतः आजारी पडल्यावर त्यांनी तीच पुडी घेतली, स्वतःचंही रक्त काढवलं. पुडी स्वस्त होती, औषधांच्या दुकानात मिळायची आणि ती कशी घ्यायची हे वर्तमानपत्रात छापून यायचं. डॉक्टर मिळाला नाही तरी गरिबाला काहीतरी करता यायचं. अ‍ॅबसलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन या कृष्णवर्णीय नेत्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रश यांच्या सूचनांनुसार आठशेहून अधिक लोकांचं रक्त काढलं आणि ज्यांच्याकडे घरचेही फिरकत नव्हते त्यांची सेवा केली. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, या रश यांच्या समजुतीपायी ते पुढे सरसावले होते. समजूत खोटी ठरली आणि त्यांच्यातलेही पुष्कळ मेले.

याउलट मदेराची वाइन, स्नानाचा टब आणि अहोरात्र सेवा हे मंत्र्याच्या घरचं काम.

पैसे नसतील तर

तर बुश हिल. शहराबाहेरच्या या हवेलीतलं साथीचं रुग्णालय आधी नरक होतं. पीटर हेल्म आणि व्यापारी स्टीफन गिरार्ड यांनी ते आपणहून हाती घेतलं, आणि सेंट-डोमिंगहून (आजच्या हैतीहून) आलेले फ्रेंच डॉक्टर जाँ देवेझ रुग्ण पाहू लागले. स्वच्छ अंथरूण, हलका आहार, पेयं, रक्त काढलंच तर बेतानं. गिरार्ड स्वतःच्या हातांनी रुग्णांचं सगळं करायचे. तिथेही निम्म्याहून जास्त रुग्ण वाचले नाहीत, पण बहुतेक अगदी शेवटच्या अवस्थेत येत होते. फुकटात मिळणारा हा उपचार आजच्या शुश्रूषेच्या सर्वांत जवळचा होता, आणि हॅमिल्टन नसलेल्या माणसाला मी तिकडेच पाठवलं असतं.

आजही या विषाणूवर खास औषध नाही. सलाइन, विश्रांती, ताप उतरवणं आणि मूत्रपिंडांवर लक्ष, एवढंच करता येतं. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात, कारण रक्तस्राव वाढतो. बदललंय ते प्रतिबंधाचं: तो डासांमुळे पसरतो हे कळलं आणि मॅक्स थायलर यांची लस १९३० च्या दशकात आली. मुंबई-पुण्याहून केनिया किंवा युगांडाला निघालेल्यांनी ती निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. ते नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.