सौर कुकर आठ महिन्यांचा, कापसाची पेटी बारा महिन्यांची

साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, म्हणजे खानदेशाच्या उन्हाची पत सरकारदरबारीही मान्य आहे; घरच्या गच्चीवर मात्र सौर कुकर क्वचितच दिसतो. आमच्या घरात तो आणि त्याच्या जोडीला उष्णता धरून ठेवणारी पेटी अशा दोन्ही वस्तू वापरात आहेत.

कुकर नेहमीच्या पेटी-पद्धतीचा आहे. आतून काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा ट्रे, भोवती काचलोकर, वर दुहेरी काच आणि ऊन आत वळवणारा आरसा एवढीच त्याची रचना. स्वच्छ उन्हात आतले तापमान शंभर अंशांच्या पुढे जाते आणि दहाच्या सुमारास लावलेला डाळ-भात दोन-अडीच तासांत होतो. तो उतू जात नाही, करपत नाही, त्याच्यापाशी थांबावेही लागत नाही. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने आरसा मागे कलता ठेवावा लागतो, तर डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम पंचेचाळीस अंश वर येत असल्याने तो बराचसा उभा. मर्यादाही स्पष्ट आहेत. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि फोडणी यांना विस्तव लागतोच. वांगी त्यात मऊ होतात, पण कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरताची सर त्यांना येत नाही. पावसाळ्यात तर कुकर झाकूनच ठेवावा लागतो.

पेटीचे तसे नाही. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला, चहूबाजूंनी आणि वरून वीतभर जाडीची रुई गच्च बसवली आणि मधे पातेल्याच्या मापाची जागा ठेवली की ती तयार होते, आणि रुईची आपल्याकडे वाण नाही. थर्मोकोलही चालतो, मात्र उकळत्या पातेल्याला थेट टेकला तर तो आकसतो, म्हणून मधे जाड कापड हवे. भिजवलेली तूरडाळ गॅसवर दहा-पंधरा मिनिटे खळखळ उकळून, झाकण न काढता लगेच पेटीत ठेवली, तर पुढचे शिजणे साठवलेल्या उष्णतेवर होते. वाफ बाहेर जात नसल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा कमी घालावे. खिचडी यात विशेष मोकळी होते. पातेले मात्र बऱ्यापैकी भरलेले असावे, कारण दोघांपुरती वाटीभर डाळ उष्णता फार वेळ धरत नाही. बोअरच्या जड पाण्यात डाळ दडदडीत राहते, हा दोष पेटीच्या माथी मारू नये. राजमा पेटीत ठेवण्यापूर्वी किमान दहा मिनिटे जोरात उकळलाच पाहिजे, कारण कच्च्या राजम्यातील विषारी घटक मंद आचेवर नष्ट होत नाही. शिवाय अन्न कोमट झाल्यावर पेटीत तसेच राहू न देता पुन्हा उकळून वाढावे.

दोन्हींपैकी एकच करायचे असेल, तर मी पेटीची शिफारस करेन: ती जवळजवळ फुकटात होते, संध्याकाळच्या स्वयंपाकालाही चालते आणि तिच्यासाठी गच्ची लागत नाही. कुकर घेणाऱ्यांनी दुकानातच झाकण बंद करून रबरी पट्टीवर कागदाचा तुकडा दाबून पाहावा. तो सहज ओढून निघाला, तर तिथूनच वाफ आणि उष्णता निसटणार. आमच्या कुकरची पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात कडक होऊन तडकली आणि विक्रेत्याकडे सुटी पट्टी मिळाली नाही, म्हणून सुटे भाग मिळतात का, हेही पैसे देण्यापूर्वी विचारावे.