घाटात पेडल खाली गेलं, म्हणून मोठी कॅलिपर घ्यायची का?

गेल्या मे महिन्यात कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरत होतो. गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस. पाचव्या-सहाव्या वळणाला ब्रेकचं पेडल मऊ पडलं आणि पुढच्या वळणाला पार तळाला टेकलं. दुसऱ्या गिअरवर गाडी आवरत कशीबशी खाली आणली. त्या रात्री मी मोठी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) आणि चार पिस्टनची कॅलिपर (त्या चकतीवर पॅड दाबणारा चिमटा) मागवायलाच निघालो होतो. सकाळी आमच्या मिस्त्रीने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आतलं ऑइल उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं. "कॅलिपर कशाला बदलायलात दादा, आधी ऑइल बघू की," एवढंच तो म्हणाला. चार वर्षं ते बदललेलं नव्हतं.

म्हणून पैसे काढण्याआधी एवढं आठवा, की ब्रेक सुटला तेव्हा पायाला काय लागलं? पेडल स्पंजासारखं खाली गेलं असेल, तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर पॅड तापून निसटतायत. आणि एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, टरटर करत असेल आणि तरी गाडी पुढे सरकत असेल, तर ब्रेकचं काम झालेलं आहे, टायर कमी पडतोय. तिन्हींचं औषध वेगळं.

ऑइल सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते पहिला खर्च तोच. ते हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट 4 (ही ब्रेक ऑइलची प्रत) चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, पाणी शोषल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. डॉट 5.1 चे हेच आकडे 260 आणि 180. दर दोन वर्षांनी बदललं तर रस्त्यावरच्या गाडीला चांगलं डॉट 4 सुद्धा पुरतं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं. नाव जवळचं आहे म्हणून ते चुकूनही ओतू नका.

पॅडमध्ये लोक सगळ्यात जास्त फसतात. रेसिंगचे पॅड चांगले तापले की मगच धरतात. जानेवारीत पहाटे अंबाजोगाईहून लातूरला निघालात आणि धुक्यातून अचानक रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली समोर आली, तर तुमचा पॅड त्या वेळी गार असतो. तुम्हाला पहिल्याच दाबाला धरणारा पॅड हवा. रस्त्यासाठी बनवलेला, जरा वरच्या दर्जाचा पॅड घाटालाही पुरतो आणि गारठ्यालाही. सिरॅमिक घेतला तर रिमवर काळी धूळ कमी बसते, आवाजही कमी. सेमी-मेटॅलिक उष्णता जास्त सोसतो, पण डिस्क लवकर झिजवतो. ज्याचा महिन्यातून दोनदा तरी घाट होतो त्याने दुसरा घ्यावा, बाकीच्यांनी पहिला.

समृद्धीवर 120 ने जाताना गाडीत 80 च्या सव्वादोनपट ऊर्जा असते. तिथे एकदाच जोरात ब्रेक मारून थांबायचं असेल, तर चाक लॉक होईल इतका जोर बहुतेक मूळ ब्रेकमध्येही असतो. मग थांबायचं अंतर ठरवतो टायर. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: 2219 म्हणजे 2019 चा 22 वा आठवडा. इतक्या जुन्या, उन्हात कडक झालेल्या रबरावर महागडी कॅलिपर लावणं हा पैशाचा अपव्यय आहे.

भोकाच्या डिस्क दिसतात छान. पण मित्राच्या गाडीला लावलेल्या स्वस्त डिस्कवर वर्षभरात एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत केसासारख्या चिरा गेलेल्या मी नखाने चाचपून पाहिल्यात. त्यापेक्षा मूळ मापाची, आतून हवा खेळणारी साधी डिस्क घ्या. ब्रेक ऑइलचे स्टीलच्या जाळीचे होज पाइप पेडल कडक करतात, अंतर कमी करत नाहीत. दहा वर्षांपुढच्या गाडीत रबरी पाइप तसेही बदलायचेच असतात, तेव्हा बसवा.

राहिला मोठ्या डिस्क-कॅलिपरचा किट. लाखाच्या पुढचा खर्च, बऱ्याचदा मोठं रिम, आणि पुढच्या-मागच्या चाकांतला ब्रेकचा तोल बिघडायची भीती. त्याचा खरा फायदा उष्णता पचवण्यात आहे, तोही एकामागून एक जोरात ब्रेक मारावे लागतात तिथे. कोइम्बतूरच्या कारी किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध या रेसिंग ट्रॅकवर नियमित जाणार असाल तर जरूर घ्या. फक्त जालना रोड आणि घाटासाठी घेत असाल, तर मी नको म्हणेन.

मी ऑइल, पॅड आणि टायर बदलले. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे रिकाम्या रस्त्यावर 60 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवला, पूर्ण न थांबता, आणि मग ब्रेक न लावता चार-पाच किलोमीटर गाडी गार होऊ दिली. जूनमध्ये पुन्हा तोच घाट उतरलो. शेवटच्या वळणालाही पेडल पहिल्या वळणाइतकंच उंच होतं.