सावद्यातला संध्याकाळचा इंग्रजी क्लास: जरूर लावा

आमचा केळीचा धंदा. परप्रांतातल्या व्यापाऱ्यांशी फोनवर इंग्रजी लागतंच, म्हणून हा क्लास लावला. बाई अडलं तिथे सरळ लेवा बोलीत समजावतात आणि पाठांतर अजिबात करून घेत नाहीत, वाक्य बांधायला लावतात. आधी कोण, लगेच क्रियापद, मग काय, कुठे आणि कधी: 'ही सेंड्स द ट्रक टू दिल्ली ऑन मंडे.' आपण नुसतं 'पाठवतोस का?' विचारलं तरी 'तू' कळतो. इंग्रजीत 'यू' गाळून चालत नाही. आपला 'ला' दिल्लीच्या मागे, त्यांचा 'टू' पुढे. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वेगळंच. 'टू', 'विथ', 'फॉर' यांच्यानंतर 'ही' नाही, 'हिम' येतो. 'शी'चं 'हर', 'दे'चं 'देम'. 'आय स्पोक टू हिम' आता फोनवर न अडखळता निघतं, आणि याचा मला खरंच आनंद आहे.

वारासाठी 'ऑन', महिन्यासाठी 'इन', वाजण्यासाठी 'ॲट' यावर मात्र बाईंनी अजून वेळ द्यायला हवा. तो भाग घाईत उरकला. झेरॉक्स नोट्सही फिकट आहेत. फी हप्त्यांनी चालते.