परवा मुलाखत आहे : शिवून घ्यायचं, रेडिमेड की कपाटातलंच?

मंगळवारी संध्याकाळी फोन, गुरुवारी सकाळी पुण्यात मुलाखत. गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्यावर ही वेळ आली आणि आम्ही टेलरकडे धावलो. तिथेच चुकलं.

मापाने शिवलेला कपडा जसा बसतो तसा रेडिमेड बसत नाही, हे मान्य. पण बरेच टेलर शर्ट काज-बटणाला दुसऱ्या कारागिराकडे पाठवतात आणि वेळ जातो तो तिथेच. आम्हाला बुधवारी रात्री साडेनऊला शर्ट मिळाला, तर एका बाहीचा कफ मनगटावर बसेना. बिचारा कपाटातला आकाशी शर्ट घालून गेला. आकाशी आणि राखाडी रंगावर घाम लगेच उमटतो, आपल्या सोलापूरच्या उन्हात तर फारच. त्यापेक्षा पांढरा किंवा गडद निळा बरा. हातात चार-पाच दिवस असतील तरच टेलर गाठा.

एक-दोन दिवसच असतील तर माझं मत सरळ रेडिमेडला. सकाळीच सोलापुरातली नवी पेठ गाठा, म्हणजे अल्टरला दुपार मिळते. शर्ट घेताना आधी खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. ती दंडावर उतरत असेल तर रंग कितीही आवडला तरी तो शर्ट ठेवून द्या, कारण खांदा दुरुस्त करणं म्हणजे जवळजवळ नव्याने शिवणं. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जातात का, तेही बघा. पँटची उंची आणि कंबर मात्र सहज होते. पँट उलटी करून मागची शिवण तपासा. आत बोटभर माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेली असेल तर कंबर सैल करता येते, नसेल तर नाही. आणि ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहू नका, बसून बघा. मुलाखत बसूनच होते.

आपलं गाव युनिफॉर्मसाठी देशभर ओळखलं जातं. युनिफॉर्मच्या दुकानांतला साधा पांढरा शर्ट स्वस्तात काम भागवतो, फक्त कापडात पॉलिस्टर जास्त नाही ना, हे हात लावून बघा.

मुलींसाठी साडी की कुर्ता हा प्रश्न ब्लाउजवर अडतो. बसणारा ब्लाउज घरात तयार असेल तर साडी खुशाल नेसा. नसेल तर साध्या रंगाचा, कोपरापर्यंत बाहीचा कुर्ता घ्या. नव्या ब्लाउजच्या मागे लागू नका.

कपाटातल्या कपड्यांत माझा भरवसा फक्त पँटवर आणि बुटांवर. बूट तर जुनेच घाला, पॉलिश करून. नव्या बुटांनी टाच सोलली की लक्ष तिकडेच राहतं.

हुतात्मा एक्सप्रेसने निघणार असाल तर शर्ट घालून बसू नका. वर्तमानपत्रावर सपाट घडी करून बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि पुणे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बदला.