ग्रब स्क्रूची पुली घ्यावी की टेपर लॉकची?

मोटरला नवी पुली घ्यायची म्हटलं की दोन प्रकार समोर येतात. एक सरळ बोअरची, म्हणजे मधलं भोक सरळ, आत चावीची (शाफ्ट आणि पुली यांच्यात बसणाऱ्या धातूच्या पट्टीची) खाच आणि वरून एक-दोन ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले स्क्रू. दुसरी टेपर लॉकची, म्हणजे पुली वेगळी आणि तिच्यात बसणारा चिरलेला, निमुळता बुश (नळीसारखा तुकडा) वेगळा; स्क्रू आवळले की हा बुश शाफ्टला घट्ट धरतो. मी दोन्ही बसवल्यात आणि दोन्ही उतरवल्यात. उतरवण्याचा मुद्दाम उल्लेख करतोय, कारण माझा निर्णय तिथेच झाला.

चालू मोटरवर, निदान पहिले काही महिने, दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. 3 एचपीची, मिनिटाला 1440 फेऱ्यांची मोटर पूर्ण लोडवर साधारण 15 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. शाफ्ट 28 मिलिमीटरचा असेल तर त्याच्या पृष्ठभागावर शंभर किलोहून जास्त जोर येतो, आणि सुरू होताना त्याच्या दुपटीच्याही वर जाऊ शकतो. सरळ बोअरच्या पुलीत हा जोर चावीने घ्यायचा असतो. ग्रब स्क्रूने पुली शाफ्टवर मागेपुढे सरकू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. चावी न घालता नुसत्या स्क्रूच्या भरवशावर पुली चालवलेली मी पाहिली आहे. स्क्रूचं टोक शाफ्टला गोल चर पाडतं आणि मग कितीही आवळा, ते धरत नाही.

चावी नीट बसवली तरी सरळ बोअरमध्ये केसभर का होईना, फट राहतेच. बेल्टची ओढ कायम एकाच बाजूला, त्यामुळे प्रत्येक फेरीला पुली शाफ्टवर किंचित डुलते. हबच्या (पुलीच्या मधल्या, शाफ्टवर बसणाऱ्या भागाच्या) तोंडाशी लालसर भुकटी दिसायला लागली की हे आत सुरू झालंय असं समजावं. ग्रब स्क्रू ढिले होतात त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं.

तरीही एवढ्यावर मी सरळ बोअर सोडली नसती. अधूनमधून स्क्रू आवळता येतात.

माझी एक मोटर होती, बेल्टच्या तीन खाचांची सरळ बोअरची पुली, उत्तम चालू. फेऱ्या कमी करायच्या होत्या म्हणून फक्त पुली बदलायची होती. दोन्ही ग्रब स्क्रू पूर्ण काढले, पुलर (पुली ओढून काढायचं अवजार) लावला, पुली जागची हलेना. स्क्रूचं टोक वाटीसारखं असतं. ते शाफ्टमध्ये रुततं तेव्हा भोवती धातूची बारीक कड वर उचलली जाते, आणि स्क्रू काढला तरी ती कड बोअरमध्ये पाचरीसारखी अडकून राहते. त्यात गंज भरलेला. पुलर आवळत गेलो आणि पुलीच्या बिडाच्या कडेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा उडाला. शेवटी हातोडा घ्यावा लागला. पुली निघाली, पण शाफ्टवर ओरखडे उठले, कानस मारावी लागली, आणि काही आठवड्यांत पुढचं बेअरिंग घरघरायला लागलं. हातोड्यामुळेच तसं झालं असं मी मोजून दाखवू शकत नाही. त्याआधी मात्र ती मोटर शांत होती.

त्याच मोटरला पुढे टेपर लॉक बसवली. मध्ये एकदा उतरवायची वेळ आली. दोन्ही स्क्रू काढले, त्यातला एक बुशच्या तिसऱ्या, रिकाम्या भोकात घालून ॲलन कीने आवळला, ‘टक्’ आवाज आला आणि बुश सुटला. पुली हातात. शाफ्टवर ओरखडासुद्धा नाही.

टेपर लॉकचेही त्रास आहेत. आवळताना पुली बुशवर थोडी सरकते, म्हणून बेल्टची रेषा आधी जुळवून उपयोग नाही, आवळल्यावर पुन्हा पट्टी लावून बघावी लागते. निमुळते भाग आणि बोअर पुसून कोरडे हवेत. तिथे तेल-ग्रीस लावायचा मोह होतो, तो टाळा. चावी दोन्ही बाजूंना घट्ट असावी, पण तिच्या डोक्यावर फट हवी, नाहीतर बुश शाफ्टला धरण्याऐवजी चावीवरच आवळला जातो. स्क्रू आलटून-पालटून आवळायचे: 1610 नंबरच्या बुशला 20 न्यूटन-मीटर, 2012 नंबरच्या बुशला 30. अर्धा-एक तास चालवून पुन्हा बघायचं, थोडे तरी फिरतातच. एक सोय मात्र मोठी आहे. मोटर बदलली, शाफ्टचा व्यास बदलला, तरी पुली तीच राहते, फक्त बुश बदलायचा. 1610 मध्ये बोअर जास्तीत जास्त 1.6 इंच आणि लांबी 1 इंच, हे नंबरातच लिहिलेलं असतं.

अर्ध्या-पाऊण एचपीची मोटर असेल, शाफ्ट एका बाजूने सपाट केलेला असेल, किंवा पुली इतकी लहान की आत बुश मावणारच नाही, तर सरळ बोअर घ्यायला माझी हरकत नाही. फक्त गोल शाफ्ट असेल तर स्क्रूचं टोक टेकतं तिथे आधीच ड्रिलने उथळ खळगा करा किंवा कानशीने सपाट करा, म्हणजे वर उचललेली कड खालीच राहते. दोन स्क्रू असतील तर एक चावीवर आणि दुसरा त्याच्याशी काटकोनात. चढवताना ठोकू नका. बहुतेक मोटरच्या शाफ्टच्या टोकाला आट्यांचं भोक असतं, 28 मिलिमीटरला बहुधा एम10, म्हणजे 10 मिलिमीटरच्या बोल्टचं. त्यात बोल्ट आणि जाड वॉशर लावून पुली ओढून घ्या. बोअरमध्ये पक्कं चिकटवणारं द्रावण मात्र लावू नका, नंतर चांगलं तापवल्याशिवाय ते सोडत नाही.

दीड-दोन एचपीच्या वर आणि कधीतरी उतरवायची शक्यता असेल तर मी टेपर लॉकच घेईन. ती घेतलीत तर बसवून झाल्यावर तिसऱ्या, रिकाम्या भोकात ग्रीस भरून ठेवा. आत धूळ-पाणी शिरलं नाही तर उतरवायच्या दिवशी स्क्रू त्या आट्यांत नुसत्या बोटांनी फिरतो.