विकण्याआधी घरावर खर्च: आधी ओल की आधी किचन?

जुना टू बीएचके विकायला काढला की घरात पहिली चर्चा होते ती 'आधी थोडं करून घेऊ या का' याची. कोथरूड, ठाणे, डोंबिवलीतल्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायट्यांत असे फ्लॅट शेकड्याने आहेत: मोझॅकची फरशी, कडाप्प्याचा ओटा, ग्रिल लावलेली बाल्कनी आणि बेडरूमच्या कोपऱ्यात ओलीचा डाग. हाताशी दोन-तीन लाख असतील तर ते कुठे घालायचे? माझं मत पक्कं आहे: घेणाऱ्याच्या मनातली शंका घालवायला पैसे घाला, हौसमौज त्याची त्याला करू द्या.

ओल काढणं की नुसता रंग

रंग स्वस्त पडतो, आठवड्याभरात होतो आणि घर उजळतं. विक्रीआधीच्या सगळ्या खर्चांत पैशाला सर्वांत जास्त जागणारा हाच. पण तो ओलीवर मारला तर काही आठवड्यांत पोपडे सुटतात आणि क्षार फुलून वर येतो. फक्त डागाची भिंत रंगवली तर ती बाकीच्या भिंतींत वेगळी दिसते आणि बघणारा नेमका तिथेच हात लावतो. जुलैत घर दाखवणार असाल तर हे हमखास.

म्हणून आधी पाणी येतं कुठून ते शोधा. कारण खर्च कोणाचा हे त्यावर ठरतं. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून गळत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांची नमुना नियमावली) दुरुस्ती सोसायटीची. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर ती त्या सभासदाची जबाबदारी. आपल्याच बाथरूममधून असेल तर मात्र खिशात हात घालायला हवा. दुरुस्तीनंतर प्लास्टर पुरतं वाळू द्या, मगच रंगाऱ्याला बोलवा. रंग फिका निवडा आणि सगळ्या घराला एकच.

बाथरूम: फोडायचं की डागडुजी

हे ठरवायची सोपी परीक्षा आहे. न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्याचं, तोंड घट्ट बंद करा, दोनेक इंच पाणी भरा आणि चोवीस तास तसंच ठेवा. मग खालच्यांच्या परवानगीने त्यांच्या बाथरूमचं छत बघा. ओल उतरली असेल तर टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करणं भाग आहे. विकायचंय म्हणून ते टाळू नका, खालच्यांची तक्रार घेणाऱ्याच्या कानावर जातेच. छत कोरडं असेल तर फोडाफोडीची काही गरज नाही. टाइल्समधलं काळं पडलेलं ग्राउट खरवडून नवं भरा, गळका नळ आणि फ्लशची टाकी बदला, तळाशी कुजलेला दरवाजा काढून पीव्हीसीचा बसवा. जुन्या टाइल्सचा रंग कोणाला आवडणार नाही, पण त्यापायी सौदा सहसा मोडत नाही.

मॉड्यूलर किचन की आहे तेच नीट

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. जुना फ्लॅट घेणारे बरेच जण राहायला येण्याआधी किचन आपल्या सोयीने करून घेतात. तुमचे नवेकोरे शटर त्यांना अडचणच वाटतील. शिवाय गृहकर्जासाठी बँकेचा मूल्यांकनकार येतो तो क्षेत्रफळ, मंजूर नकाशा, इमारतीचं वय आणि परिसर पाहतो. ट्रॉल्या नव्या असल्या म्हणून आकडा फारसा हलत नाही. सिंकखालची गळती थांबवा, अडकणाऱ्या ट्रॉल्यांचे चॅनेल बदला, ओटा घासून लख्ख करा. एवढं पुरे.

फरशी

मोझॅकला मशीन पॉलिश करून घ्या. ती फार सुंदर निघते. तिच्यावरच व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या तर जमिनीची पातळी वर येते, दरवाजे खालून कापावे लागतात. हॉलमधल्या लाद्या पोकळ वाजत असतील तरच बदलण्याचा विचार करा.

वायरिंग आणि बाल्कनी

जुने फ्यूज असतील तर एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा) बसवा, एसी-गिझरच्या लाइनी आणि अर्थिंग तपासून घ्या. भिंतीत झिरी पाडावी लागते, म्हणून हे काम रंगाच्या आधी. बाल्कनी बंद करून खोली वाढवायचा मोह मात्र आवरा. मंजूर नकाशात नसलेलं बांधकाम घेणाऱ्याच्या कर्जाच्या वेळी आडवं येऊ शकतं.

'करात सूट मिळते' हा हिशेब

भांडवली स्वरूपाची, म्हणजे घरात टिकाऊ भर घालणारी, सुधारणा विक्रीच्या नफ्यातून वजा होते हे खरं; रंग आणि किरकोळ दुरुस्ती साधारणपणे त्यात धरत नाहीत. पण दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे. म्हणजे ३ लाखांच्या कामावर या दराने वाचणार ३७,५०० रुपये, उरलेले २,६२,५०० तुमच्याच खिशातून. त्या तारखेआधी घर घेतलेल्या निवासी व्यक्तींना खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून २० टक्के कर भरायचा पर्यायही आहे; दोन्ही आकडे सीएकडून काढून घ्या. कोणताही मार्ग निवडलात तरी बिलं हवीतच, पैसेही बँकेतून दिलेले बरे.

पुनर्विकासाची चर्चा असेल तर

मग वरचं बहुतेक सगळं बाजूला ठेवा. पाडायच्या इमारतीत घेणारा पैसे मोजतो ते कार्पेट एरियाचे आणि पुढे मिळणाऱ्या नव्या जागेचे. तिथे रंगसुद्धा देऊ नका. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव बरोबर आहे ना, आधीच्या सगळ्या करारांची साखळी पूर्ण आहे ना, सोसायटीची थकबाकी नाही ना, हे बघा. वारस म्हणून घर आलं असेल तर नावावर करून घ्यायला दोन-चार महिने हाताशी ठेवा.